आई-बाबा, जूनमध्ये आम्ही पुण्याला जातोय

मनीषनगर, नागपूर
एप्रिलअखेर

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मनीषनगर ते तुमचं महालातलं घर, अंतर ते काय, आणि मी पत्र लिहून राहिले. पण समोर बसून विषय काढला की आई चहा ठेवायला उठते, बाबा पेपर उघडतात, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते. पुण्याच्या बदलीला मी होकार दिला आहे. परवा सही करून कागद दिलेसुद्धा.

मागच्या वेळी बाळ्या पोटात होता म्हणून नको म्हटलं होतं. दुसऱ्यांदा नको म्हटलं की प्रमोशनच्या यादीत माणूस किती खाली जातो हे बाबांना मी काय सांगायचं? भंडाऱ्याच्या वेळचं तुम्हीच तर सांगता. यांचं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही होतं. चिऊ पहिलीत जाणार, म्हणजे शाळा बदलायची तर आत्ताच बदललेली बरी. मोठी झाली की मैत्रिणी सुटत नाहीत. आणि तिकडच्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, आपल्यासारखी उन्हामुळे जूनअखेरपर्यंत सुट्टी नसते. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात निघणं भाग आहे. काही वर्षांनी इकडची मागणी टाकता येते आणि मी टाकणार आहे. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिलं, कारण रात्री झोपताना मी स्वतःलाही हेच सांगत असते. तुम्हाला टाकून चाललो असं मात्र मनात आणू नका. माझं मन तिथंच अडकतं.

बाबांची चंद्रपूरला बदली झाली तेव्हा आजीनं आम्हा दोघांना महालात ठेवून घेतलं होतं. त्या दोन वर्षांचं माझ्याजवळ काय आहे? आजीची एक चौघडी आणि तिनं शिवलेली कापडी बाहुली. फोटो एकही नाही. पण ती चौघडी अंगावर घेतली की मला आजीचं खोकणंसुद्धा ऐकू येतं. माझ्या लेकरांजवळ तुमचं असं काहीतरी हवं, आणि तुमच्याजवळ त्यांचं.

हातात पूर्ण मे महिना आहे. दुपारी लेकरं तुमच्याकडेच असतील. आई, त्या दुपारी टीव्ही आणि मोबाईलवर घालवायच्या नाहीत. आपण वस्तू करू. सगळ्यांनी मिळून, घरातल्याच सामानाच्या, आणि प्रत्येक वस्तू दोन-दोन. एक महालात राहील, एक पुण्याला जाईल.

सगळ्यात आधी हाताचे ठसे. बाजारात त्याचे तयार डबे मिळतात, काचेच्या फ्रेमसकट. चिऊच्या बारशाला एक आला होता. दिसतो छान, पण त्यात एकटीच्या तळव्याशिवाय काही नाही. मला चौघांचे हात एकत्र हवेत. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि वाटीभरापेक्षा थोडं कमी पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. पुरीच्या कणकेसारखं घट्ट मळून बोटाच्या अर्ध्या पेराएवढं जाड लाटायचं, पातळ झालं की वाळताना तडकतं. मग आधी बाबांचा तळवा, नीट दाबून. बाबा, करंगळी सरळ करायचा प्रयत्न करू नका, ती जशी वाकडी आहे तशीच उमटली पाहिजे. त्या करंगळीला धरूनच बाळ्या चालायला शिकला आहे. मग आईचा हात, त्याच्या आत चिऊचा, आणि मधोमध बाळ्याचा मूठभर पंजा. वर दोऱ्यासाठी भोक आत्ताच पाडायचं, वाळल्यावर पाडायला गेलात तर तुटेल. नागपूरच्या मेमध्ये ओव्हन लागतच नाही. जाळीवर ठेवून दोन-तीन दिवस उन्हात, रोज उलटवायचं म्हणजे कडा वर उचलत नाहीत. पावसाळ्यात मीठ ओल धरतं आणि ठसा मऊ पडतो, म्हणून मृगाच्या आत वाळवून त्यावर वॉर्निशचे दोन हात मी देईन.

दोन गोष्टी मात्र कडक. बाळ्या सध्या दिसेल ते तोंडात घालतो. ते पीठ त्याच्या तोंडात जाता कामा नये, इतकं मीठ लहान पोटाला फार वाईट. आणि शेजारच्या कुणी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हात घालून ठसा घ्या म्हटलं तर मुळीच ऐकायचं नाही. प्लास्टर घट्ट होताना आतून तापतं, हात भाजतो. तेच करायचं असेल तर हात मऊ मातीत दाबून, काढून घेऊन, मग त्या खळग्यात प्लास्टर ओततात.

गच्चीवर ट्रे ठेवायला सकाळी आठच्या आत जायचं, बाबा. दुपारी तुम्ही जिना चढलेला मला चालणार नाही. ४५ अंशात गच्चीची फरशी चपलेतूनही लागते, आणि मागच्या मेमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

आई, दुसरं तुझ्याकडून. सरगुंडे. तुझ्या त्या काड्या अजून पितळी डब्यात आहेत ना? चिऊची बोटं बारीक आहेत, घट्ट कणकेची वळी काडीभोवती गुंडाळायला ती लगेच शिकेल. जाड-बारीक झालं तरी होऊ दे. मी केलेले पहिले सरगुंडे तू वेगळे उकडून फक्त मला वाढले होतेस आणि म्हणालीस, ताईच्या हातचे आहेत, दुसऱ्या कुणाला मिळायचे नाहीत. मी ते आमरसात बुडवून शेवटचा तुकडासुद्धा सोडला नव्हता. तिलाही तसंच वाढ. वाळवलेल्यांतला एक डबा पुण्याला येईल, तो संपेपर्यंत तुझी आठवण काढत जेवू. कुरडयांचा चीक मात्र तू घोटायचा नाहीस. खांदा दुखतो, शेगडीची धग वेगळी. कुरडया यंदा विकतच्या. आणि रस वाटीभरच, तीन महिन्यांची साखर अजून खाली आलेली नाही.

सरगुंडे करताना जे बोलशील ते चिऊला लिहून घेऊ दे. वडाभाताची कृतीसुद्धा तिच्याच हातानं लिहून घे. ‘वडा’ चुकीचा लिहिला तर खोडायला लावू नकोस. खाली तू तुझ्या अक्षरात एक ओळ लिही, शाईच्या पेननं नको, ती पाणी लागलं की पसरते. पेन्सिल किंवा बॉलपेननं. स्केचपेनचा रंग उन्हात उडतो आणि सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडून निघते, म्हणून चित्रं चिकटवायची तर डिंकानं किंवा खळीनं. फोटोंच्या मागं नाव आणि वर्ष पेन्सिलनं लिहायचं. आपल्या लोखंडी पेटीतल्या निम्म्या फोटोंत कोण बसलं आहे हे आता फक्त आत्याबाई सांगू शकतात. तेवढ्यासाठी तरी हे लिहून ठेवा.

चौघडीचं मी बरेच दिवस बोलते आहे. तुझ्या मऊ झालेल्या सुती साड्या काढ, सिल्क नको, ती फाटते आणि टाका धरत नाही. ती लिंबाच्या रंगाची साडी मला हवी आहे, जिच्या पदराला मी तोंड पुसायचे. आधी सगळ्या एकदा धुऊन बघू, रंग जातो की काय. चिऊ खडूनं कापडावर चित्र काढेल, आपलं घर, माठ, मांजर, जे तिला सुचेल ते. त्या खडूच्या रेघेवरून तू साखळी टाका घाल. बाळ्याला ओणवा बसवून त्याच्या तळव्याभोवती रेघ ओढली तरी पुरे. बाकीचे धावदोरे मी शनिवार-रविवारी येऊन घालते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी तू दिवेलागणीनंतर सुई हातात घ्यायची नाही. ही विनंती नाही, आई.

बाबा, तुमच्या वाटणीचं काम बोलायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या मारबतीची गोष्ट तुम्ही सांगता तशी कुणीच सांगत नाही. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि मध्येच आवाज चढवून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’! बाळ्या तेव्हा आईच्या पदराआड जातो आणि लगेच बाहेर येऊन पुन्हा म्हणा म्हणतो. तेवढं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचं. कुलर बंद करून, नाहीतर त्या घरघरीत शब्द बुडतात. दहा मिनिटं गरम होईल, सोसा. लेकरांच्या प्रश्नांसकट ठेवा, मधले प्रश्न कापू नका. यांनी दोन पेनड्राइव्ह आणले आहेत, एक तुमच्या कपाटात राहील. वाटलं तर तुमच्या लहानपणच्या इतवारीबद्दलही बोला, आजोबांच्या दुकानाबद्दल. ते मलाही ऐकायचं आहे. कधी नीट विचारलं नाही, कारण तुम्ही कायम इथंच, जवळ होतात.

मधल्या खोलीच्या चौकटीवर माझ्या आणि दादाच्या उंचीच्या रेघा आहेत. त्याखाली आता चिऊच्या आहेत, बाळ्याची एक. घर रंगवायला काढलंत तरी ती चौकट रंगवायची नाही. ती पुण्याला नेता येत नाही म्हणून मी निवारीची लांब पट्टी आणते. तिच्यावर त्याच रेघा, त्याच तारखा उतरवून घेऊ. पुढच्या रेघा तिकडं मारू आणि सुट्टीत आलो की चौकटीवर चढवू.

पिंपळाचं पान पाण्यात टाकून जाळी करायचं आईला माहीतच आहे. भांडं मोरीत ठेव, फार वास येतो.

आता तुमच्याबद्दल. स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळ येतील, मी बोलून ठेवलं आहे. पोळ्या त्या लाटतील, आईनं फक्त फोडणी सांगायची. कुलरच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी भरायचं काम वरच्या मुलाकडे. बाबांनी बादली उचलायची नाही. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायला माणूस सोमवारी येईल, त्याला ‘कशाला उगाच’ म्हणून परत पाठवू नका. गोळ्यांचा सात खणांचा डबा मी दर रविवारी फोनवर तुमच्याकडून भरवून घेईन. आम्ही निघेपर्यंत बीपीची वही चिऊकडं द्या, आकडे ती लिहील; तिला फार आवडतं आणि तुम्ही मोजायचं टाळणार नाही. पुण्याला कधी यायचं तर रात्रीच्या गाडीनं, खालच्या बर्थवर. वंदे भारत अजनीहून आहे, छान आहे, पण बारा तास बसून काढायचे, बाबांच्या गुडघ्यांना ते नको. तिकडं घर पहिल्या मजल्यावरच घेतलं आहे, लिफ्ट असलेलं, आणि एक खोली तुमची. कमोड आहे, गिझर आहे. आईला देवघर पूर्वेला हवं असतं, ते तसंच येतं. तुम्हाला कायमचं तिकडं ओढायचं माझ्या मनात नाही, हे घर सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त दिवाळीनंतरची थंडी आमच्याकडं काढा, एवढंच.

चिऊला मी सांगितलं आहे. थोडा वेळ गप्प होती, मग विचारलं की तिथं लेकरांचा तान्हा पोळा असतो का. नसतो म्हटल्यावर तिला रडू आलं. तिला वाटलं आता बोजाऱ्याचे खाऊ-पैसे मिळणार नाहीत आणि बैल घेऊन कुणाच्या दारात जायचं. मी सांगितलं, पोळ्याला आपण नागपूरलाच. तिकिटं उघडली की काढते, रजा आत्ताच लिहून दिली. बाबा, माझा तो लाकडी बैल माळ्यावरून यांच्याकडून काढून घ्या, स्वतः स्टुलावर चढू नका. एक शिंग तुम्हीच फेविकॉलनं बसवलं होतं, मागचं उजवं चाक अजून घासतं. चाक तुम्ही आणि बाळ्या मिळून नीट करा, रंग चिऊला देऊ द्या. तिनं जांभळा द्यायचा ठरवलं आहे. तिला बैल पांढरा असतो वगैरे सांगू नका.

उद्या येताना मैदा आणि मीठ मी घेऊन येते. पत्र वाचून झालं की आईनं फोन करावा, पण रडत नको. रडायचं असेल तर मी आल्यावर दोघी मिळून रडू आणि मग पीठ मळायला घेऊ.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, निवार आणायला गांधीबागेत जाऊ नका. मी लिहिलं म्हणून उद्याच दुपारी निघाल, मला माहीत आहे. मी ऑफिसमधून येताना आणते.