विषय: 'घासून कमजोर' झालेल्या चुंबकाबाबत आणि न उतरणाऱ्या सिंहगडाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख,

आपल्या 'सीनियर टेक्निकल एक्स्पर्ट'शी बोलून आत्ताच फोन ठेवला आणि लिहायला बसलो. मशीन आपलंच आहे, तेव्हा त्याची ओळख करून देत नाही. तेच ते, घरातल्या व्यायामाच्या सायकलचं, ७२,९९९ रुपयांचं, पुढे अ‍ॅल्युमिनियमची थाळी असलेलं, अंगावर एकही बटण नसलेलं.

तक्रार अशी: मागच्या अपडेटनंतर रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, सगळ्यात वरच्या पातळीवर अडकला आहे. तो खाली येत नाही आणि हाताने खाली आणायची कुठलीही सोय आपण ठेवलेली नाही.

ही सायकल आमच्याकडे कुणी शर्यतीसाठी घेतलेली नाही. पत्नीच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला आहे. फिजिओथेरपिस्टनी सीट उंच ठेवून, जवळजवळ शून्य रेझिस्टन्सवर रोज थोडा वेळ पाय फिरवायला सांगितलं होतं. सांधा वाकता राहावा, त्यावर जोर पडू नये, एवढाच हेतू. आपल्या विक्रेत्याला हे सगळं सांगूनच मशीन घेतलं. तेव्हा तो म्हणाला होता, "काकूंना कळणारसुद्धा नाही पेडल मारतोय म्हणून." आता शेजाऱ्यांनाही कळतं.

झालं काय, तर आपल्या अपडेटने न विचारता 'सिंहगड चढाई' नावाचा रूट फुकट चालू करून दिला. चढ आला की पेडल आपोआप जड होणार, अशी ती गंमत. फुकटची मुदत संपली, रूट बंद पडला आणि जडपणा कमी-जास्त करायला चुंबक सरकवणारी मोटर चढावरच राहिली. अ‍ॅप आता सांगतं की रूटमधून बाहेर पडायला प्रीमियम सदस्य व्हा, महिना ४९९ रुपये. म्हणजे माणसाला गडावर फुकट चढवायचं आणि उतरायचे पैसे मागायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला वर नेऊन ठेवलंय, निदान एवढं तरी लक्षात घ्या.

आता आजच्या फोनबद्दल. सुरुवात हिंदीत झाली. मराठी बोलणारं माणूस मागितल्यावर मिळालं, हे आपल्या बाजूने नोंदवतो. आपल्या बाजूने नोंदवण्यासारखं तेवढंच होतं. संवाद जसाच्या तसा देतो, कारण आपल्याकडे 'कॉल रेकॉर्ड होत आहे' असं दर वेळी बजावतात. काढून ऐका.

"काका, तुमचा मॅग्नेट घासून कमजोर झालाय."

"कशावर घासून?"

"थाळीवर. वापराने होतं तसं."

"चुंबक आणि थाळी यांच्यात फट असते. ते एकमेकांना टेकतच नाहीत."

"वापर वाढला की टेकतात काका."

इथे मी एक मोठा श्वास घेतला. मग म्हटलं, बरं, झाला कमजोर. कमजोर चुंबकाने पेडल हलकं व्हायला पाहिजे की जड?

पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग उत्तर: "जड."

"का?"

"कमजोर झाला की जास्त ताकद लावावी लागते ना."

"कुणाला?"

"मशीनला."

"आणि पेडल कोण मारतं? मशीन की माझी बायको?"

"काका, तुम्ही जरा शांत व्हा. या वयात एवढं टेन्शन बरं नाही. झीज वॉरंटीत बसत नाही. मॅग्नेट किट ६,८०० अधिक जीएसटी पडेल. तोपर्यंत मॅडमना सांगा, थोडा जोर लावा. स्टॅमिना वाढेल."

थोडा जोर लावा. सांधा बदललेल्या बाईला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे त्याला त्याच फोनवर दोनदा सांगून झालं होतं आणि तक्रारीच्या नोंदीतही ते लिहिलेलं आहे, तो ते मला वाचूनही दाखवत होता.

आता आपल्या एक्स्पर्टसाठी थोडं. मी पिंपरीतल्या एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होतो. इंजिनाची ताकद मोजायला त्याला ब्रेक लावावा लागतो आणि आमच्याकडे तो ब्रेक एडी करंटचाच होता. तत्त्व आपल्या सायकलचंच, फक्त चुंबकाच्या जागी विजेची कॉइल आणि उष्णता वाहून न्यायला पाणी. धातूची थाळी चुंबकाजवळून फिरली की तिच्यात विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह, म्हणजे एडी करंट, उठतात, ते प्रवाह थाळीला मागे ओढतात आणि थाळी तापते. फ्रान्सच्या फूकोने १८५५ साली तांब्याची तबकडी फिरवून हे दाखवलं. या सगळ्यात काहीही कशावरही घासत नाही, म्हणून तर लोक जास्त पैसे देऊन चुंबकाचा ब्रेक घेतात. चुंबक कमजोर झाला तर ओढ कमी होते, पेडल हलकं होतं. थाळी तापली तर अ‍ॅल्युमिनियमचा रोध वाढतो, तरीही पेडल हलकंच होतं. जड होण्याचा रस्ता एकच: चुंबक थाळीवर आणखी आत सरकणं. आणि तो सरकवायचं काम आपली मोटर करते, तिला हुकूम आपलं सॉफ्टवेअर देतं.

हे मी पदरचं सांगत नाही. आपल्याच माहितीपत्रकात लिहिलंय: 'घर्षणरहित, झीजमुक्त निओडिमियम तंत्रज्ञान, आयुष्यभराची सोबत.' झीजमुक्त वस्तूची झीज वॉरंटीत बसत नाही, हे वाक्य आपल्या कायदा विभागाने एकदा मोठ्याने वाचून बघावं.

त्याच माहितीपत्रकात 'व्यायाम साधनांतला जगातील पहिला चुंबकीय ब्रेक' असंही छापलंय. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोगने विद्युतचुंबकाच्या ब्रेकची सायकल १९१३ साली प्रयोगशाळेत वापरली. त्याच माणसाला १९२० चं नोबेल मिळालं, सायकलसाठी नव्हे, पण मिळालं. तेव्हा आपला शोध नेमका कुठला? मला एकच सापडतो. जुन्या चुंबकीय सायकलींना हँडलच्या खाली एक फिरकी असायची. ती फिरवली की तार ओढली जायची, तारेने चुंबकाची पट्टी मागे-पुढे व्हायची. शंभर-दोनशे रुपयांची फिरकी. आपण ती काढली, तिच्या जागी मोटर बसवली आणि मोटरची किल्ली सर्व्हरवर ठेवली. घरच्या नळाची तोटी काढून न्यायची आणि पाणी कमी-जास्त करायला महिन्याला पैसे मागायचे, त्यातली ही गत.

आपला तंत्रज्ञ येऊन गेलेला आहे, हे एक्स्पर्टना ठाऊकच नव्हतं, म्हणून तेही सांगतो. मुलगा चांगला होता. बॅगेत अ‍ॅलन की नव्हती, ती माझी वापरली. त्याने कव्हर उघडलं तेव्हा मी टॉर्च धरून उभा होतो. चुंबकांची वाकडी पट्टी थाळीच्या कडेवर पार आतपर्यंत गेलेली, दोन्हीमध्ये व्हिजिटिंग कार्ड सहज जाईल एवढी फट, आणि थाळीवर घासल्याचा एक ओरखडा नाही. त्याने तारेचा आकडा सोडवून पट्टी बोटाने मागे ढकलली. थाळी अशी सुरेख फिरली की पत्नी स्वयंपाकघरातून बघायला आली. मग आकडा लावून मशीन सुरू केलं, मोटर कुरकुरली आणि पट्टी परत आत. तो म्हणाला, "काका, पार्टमध्ये काही नाही, हे सॉफ्टवेअरचं आहे. माझ्या हातात नाही." आकडा तसाच सोडून ठेव म्हटलं, तर वॉरंटी जाईल म्हणाला आणि कव्हरवर नवं सील चिकटवलं.

मग त्याने ओटीपी मागितला. काम झालेलं नसताना ओटीपी कशाला, तर तो दिला नाही तर त्याची व्हिजिट धरत नाहीत, पैसे कापतात. त्याच्या पोटावर पाय नको म्हणून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपला मेसेज: 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. आम्हाला पाच तारे द्या.' तक्रारी सोडवायची ही पद्धत मात्र खरोखर जगात पहिली असेल.

कव्हर उघडंच होतं म्हणून आणखी एक गोष्ट पाहिली. आपण 'एक टक्का अचूक वॉट मापन' विकता. वॉट काढायला दोन आकडे लागतात, फेरे आणि पिळाचा जोर. फेरे मोजायचा सेन्सर दिसला. जोर मोजणारं काहीही दिसलं नाही. जोर पडला की धातू किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी, म्हणजे स्ट्रेन गेज, अमेरिकेत १९३८ पासून आहे. जर्मनीच्या उलरिख शोबररने १९८६ मध्ये तो सायकलच्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्याला जोडतात त्या दांड्याच्या भागात, बसवून वॉट मोजून दाखवले. त्याआधी स्वीडनच्या फॉन डोबेल्नने १९५४ मध्ये नुसता पट्टा आणि लंबकाचं वजन वापरून प्रामाणिक मापन करणारी सायकल केली, तिचं माप कुणीही वजन टांगून ताडून बघू शकतो. आपल्याकडे यातलं काही नाही. मोटर कुठे 'असायला हवी' यावरून एक कोष्टक वाचून आकडा दाखवला जातो. पुरावा रोज माझ्या समोर आहे: पत्नीला दम लागलेला असतो, मांडी भरून आलेली असते आणि स्क्रीनवर 'रेझिस्टन्स ०, १२ वॉट, मस्त चाललंय!' असं झळकतं. हा आकडा बघून एखाद्या हृदयरोग्याने आपला व्यायाम ठरवला तर?

आणि फिरकी नाही. हे मी आधी लिहिलंय, पुन्हा लिहितो, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. एक साधी फिरकी असती तर हे पत्र, तो तंत्रज्ञ, तो ओटीपी, सगळंच वाचलं असतं.

वाईट याचं वाटतं की देशी कंपनी म्हणून मुद्दाम आपल्याकडून घेतलं. मुलगा परदेशी मशीन पाठवतो म्हणत होता, मीच नको म्हटलं, सर्व्हिस तरी दाराशी मिळेल म्हणून. मिळाली.

आता कायद्याचं. आपल्या अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलंय की वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायकक्षेत चालेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४ वाचा. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात त्याला तक्रार करता येते, म्हणजे माझ्या बाबतीत पुण्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि मी निवृत्त आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये याच शहरात सुरू झाली, तेव्हा मला वाट दाखवणारी माणसं रिक्षाच्या अंतरावर आहेत. माहितीपत्रक, तो 'समाधानकारक' मेसेज आणि थाळीचे फोटो मी फाइलला लावून ठेवले आहेत.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. सदस्यत्व न घेता रेझिस्टन्स शून्यावर आणता येईल अशी दुरुस्ती करा, नाहीतर फिरकी बसवून द्या. दोन्ही जमत नसेल तर ७२,९९९ रुपये परत करा आणि मशीन घेऊन जा. शिवाय, चुंबक कमजोर झाल्यावर पेडल जड होतं, हे आपल्या अभियंत्याच्या सहीनिशी कंपनीच्या लेटरहेडवर पाठवा. ते मला आयोगापुढे लागेल. पंधरा दिवस देतो.

मशीन न्यायला माणसं पाठवलीत तर दोन पाठवा, तिसरा मजला आहे आणि लिफ्टमध्ये ते आडवं बसत नाही. अ‍ॅलन की त्यांची त्यांनी आणावी. पैसे खात्यात जमा होईपर्यंत ओटीपी मिळणार नाही.

आपला ग्राहक,
कोथरूड, पुणे