‘अभेद्य’ शब्द जपून वापरा

संपादक महोदय,

महाविद्यालयीन प्रकल्प प्रदर्शनाची आपल्या अंकातली बातमी वाचली. ‘अभेद्य सांकेतिक लिपी’ ज्या प्रकल्पाला म्हटले आहे, त्याची परीक्षक मीच होते, म्हणून हे पत्र.

प्रकल्प हिल सायफरचा. लेस्टर हिल या अमेरिकन गणितज्ञांनी १९२९ साली मांडलेली पद्धत : अक्षरांचे आकडे करायचे, गट पाडायचे, प्रत्येक गटाला गुप्त मॅट्रिक्सने (आकड्यांच्या चौकोनी तक्त्याने, हीच किल्ली) गुणायचे आणि २६ ने भागून बाकी घ्यायची. प्रकल्प करणाऱ्या मुलाची सुधारणा एवढीच, की २×२ ऐवजी १०×१० मॅट्रिक्स.

मी त्याला आधी २×२ वरच बसवले. इंग्रजी पत्र ‘डिअर’ने सुरू होते असे धरू. ए शून्य धरून मोजले, तर डी ३, ई ४, ए ०, आर १७. दोन-दोन अक्षरांच्या या दोन गटांचा निश्चयक (३×१७ − ४×०) ५१, २६ ने भागून बाकी २५. पंचवीस आणि सव्वीसला एकाशिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणजे गुणाकार उलटवणारे व्यस्त मॅट्रिक्स निघते. समोर सांकेतिक मजकुराची पहिली चार अक्षरे असली, की चहा निवायच्या आत किल्ली हाती. निश्चयक तर आपली मुले दहावीतच शिकतात! १०×१० ला चाराऐवजी साधारण शंभर ओळखीची अक्षरे लागतील. कार्यालयीन पत्राच्या ठरावीक मायन्यात तेवढी सहज सापडतात.

‘गुणाकारानंतर गुप्त आकडे मिळवले तर?’ मुलाने विचारले. प्रश्न चांगला होता. पण दोन गटांची वजाबाकी केली की मिळवलेले आकडे उडून जातात.

खरी दुखणी रेषीयतेत, म्हणजे नुसत्या गुणाकार-बेरजेत, आहेत, मॅट्रिक्स लहान असण्यात नाहीत. घरच्या वाय-फायमध्ये चालणारी एईएस ही २००१ सालची प्रमाण सांकेतिक पद्धतही ४×४ मॅट्रिक्स वापरते, आणि ते गुप्त नाहीच, उघड छापलेले आहे. मात्र त्याआधी प्रत्येक बाइट एका अरेषीय तक्त्यातून बदलून घेतात, फेरीच्या शेवटी किल्ली मिसळतात आणि हे दहा किंवा अधिक फेऱ्या चालते (शेवटच्या फेरीत मॅट्रिक्स नसते). मुलाने आता असा तक्ता घालून बघायचे ठरवले आहे.

फलकावरचा ‘अभेद्य’ त्याने माझ्यासमोरच खोडला होता. आपल्या बातमीत तो राहून गेला.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा