तुझ्या बँडची भैरवी

किंग्स्टन,
२० ऑगस्ट २०२५

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, तुमच्या ग्रुपवर सगळे जण आपल्या किंग्स्टनच्या 'हिप' बँडच्या २०१६ मधल्या शेवटच्या दौऱ्याच्या आठवणी लिहिताहेत, आई, तूही चार ओळी पाठव. चार ओळींत माझं काही भागत नाही हे तुला माहीत आहे. शिवाय मला सांगायचंय ते सगळं ग्रुपवर टाकण्यासारखं नाही. तेव्हा हे पत्र तुझ्यासाठी. ग्रुपवर टाकायचंच असेल तर केकचं तेवढं टाक.

केकचंच आधी सांगते. मी तेव्हा दुकानाच्या बेकरीत केकवर नावं काढायचे. एरवी ऑगस्टमध्ये वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, बाकी शांत. त्या आठवड्यात मात्र जो येईल त्याला एकच हवं, 'थँक यू, हिप', नाहीतर त्यांच्या गायकाच्या नावाने 'थँक यू, गॉर्ड'. काळं आयसिंग संपलं. खाल्लं की दात काळे होतात म्हणून एरवी ते कुणी मागत नाही. एका बाईंना बँडचं पूर्ण नाव हवं होतं, 'द ट्रॅजिकली हिप', आणि मी घाईत त्यातला एक एल खाल्ला. मी खरवडून पुन्हा काढायला निघाले तर त्या म्हणाल्या, राहू दे, गॉर्डला आवडलं असतं. केक बांधून दिला आणि मग ते 'असतं' माझ्या डोक्यात अडकलं. अख्खं गाव त्या माणसाबद्दल भूतकाळात बोलायला लागलं होतं, आणि तो तिकडे हॅमिल्टनला स्टेजवर चकचकीत सूट घालून नाचत होता.

२४ मेला बातमी फुटली तो दिवस तुला आठवत असेलच. गॉर्ड डाऊनीला मेंदूचा कॅन्सर, ग्लायोब्लास्टोमा, बरा न होणारा. डिसेंबरमध्येच कळलं होतं. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे रेडिएशन आणि किमो झालं, आणि त्याच निवेदनात पुढे, आम्ही दौऱ्यावर निघतोय. तू शाळेतून आलास तो दप्तर पाठीवर तसंच ठेवून जिन्यात बसून राहिलास. शाळाही त्यांचीच, म्हणजे त्यांच्यातले बहुतेक ज्या शाळेत शिकले तीच. आता तीही बंद झाली.

त्याच आठवड्यात मिरजेहून दादामामाचा फोन आला होता, हे मात्र तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आप्पांच्या यकृतात गाठ निघाली होती आणि ती पसरली होती. दादामामाने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं, आप्पांना अल्सर आहे असं सांगायचं. मीही हो म्हणाले. आपल्याकडे असंच करतात. माणूस खचतो म्हणे.

म्हणून तिकिटांच्या वेळी तसं झालं. तू दोन लॅपटॉप उघडून बसलेला, मी बेकरीच्या मागच्या दाराशी फोन घेऊन, बाबा रात्रपाळी करून आलेले, डोळे चोळत तिसरीकडे. दहा वाजले, पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं आणि चहा निवायच्या आत सगळं संपलं. संध्याकाळी तीच तिकिटं दुसऱ्या एका साइटवर कितीतरी पटीने. माणसांच्या आधी बॉट्सनी, म्हणजे आपोआप खरेदी करणाऱ्या संगणक-प्रोग्रामांनी, उचलली होती. त्यावरून एवढा आरडाओरडा झाला की पुढच्या वर्षी आपल्या ऑन्टॅरिओ प्रांताने तिकीटविक्रीचा कायदाच केला. तुझ्या काय कामाचा? बाबा म्हणाले, घेऊन टाकू, एकदाच होणार आहे. मी नाही म्हणाले. तू मला कंजूष म्हणालास आणि दोन दिवस जेवलास तो खोलीत ताट नेऊन. ते पैसे मी मिरजेच्या विमानासाठी बाजूला काढले होते रे. कशासाठी ते सांगता येत नव्हतं.

जुलैत तुला कळलंच. या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या, आणि मी फोनवर मिरजेशी बोलताना ओरडते, जणू आवाज समुद्रावरून जायचाय. तू स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, आजोबांना माहीत आहे? मी म्हटलं, नाही, आणि कळता कामा नये. त्यावर तू म्हणालास, गॉर्डला माहीत आहे म्हणून तो गातोय, आजोबांना काय करायचंय ते कुणी विचारलं का? मी तुला म्हणाले, ते गोरे लोक, त्यांचं वेगळं. आणि वर सोळा वर्षांच्या पोराने मोठ्यांच्यात बोलू नये हेही. कणीक मळत होते, हात त्यातच होते. तू गेलास आणि मी ती कणीक एवढी मळली की पोळ्या रबर झाल्या.

त्यानंतर मी तुझा बँड ऐकायला लागले. तुला खूश करायला नाही, जरा चोरूनच. तोवर माझ्यासाठी तो बाथरूममधून येणारा आवाज होता. बॉबकेजन म्हणजे कुठलं तरी औषध असेल अशी माझी समजूत. ते गावाचं नाव निघालं. हॉकीवाल्या बिल बॅरिल्कोचं गाणं तूच समजावलं होतंस, १९५१ साली टोरँटोला कप जिंकून देणारा गोल मारला आणि त्याच उन्हाळ्यात मासे धरायला गेलेलं त्याचं विमान नाहीसं झालं. अवशेष सापडले ते १९६२ मध्ये, आणि टोरँटोने पुढचा कप जिंकला तोही थेट त्याच वर्षी. माझ्या आजीने सांगितली असती अशी गोष्ट! दुसरं ते, खून न करता तेवीस वर्षं तुरुंगात काढलेल्या डेव्हिड मिलगार्डचं. या देशाची माहिती मी नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी पुस्तकातून पाठ केली होती. त्यात यातलं काहीच नव्हतं.

शेजारच्या अमेरिकेत त्यांना फारसं कुणी विचारलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटायचं आणि आतून बरंही वाटायचं. मला ते लगेच समजलं. मराठी नाट्यसंगीताचं आम्ही दुसरं काय करतो?

आणि मग तो शनिवार, २० ऑगस्ट, दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम, इथेच किंग्स्टनला. गुरुवारीच नारळी पौर्णिमा झाली होती. उरलेला नारळीभात डब्यात भरला, दोन घड्या घातलेल्या सतरंज्या घेतल्या आणि आपण दुपारीच सिटी हॉलच्या मागे मार्केट स्क्वेअरला गेलो. तरी जागा मिळाली ती एका कचऱ्याच्या पिंपाशेजारी. वीस-पंचवीस हजार माणूस. तीन-चार मिनिटांच्या अंतरावर ते स्टेडियम, ज्याच्या रस्त्यालाच बँडचं नाव दिलेलं, आणि आत जाऊ न शकलेले आपण सगळे बाहेर पडद्यासमोर.

वाट बघायचे ते पाच-सहा तास मला कार्यक्रमापेक्षा जास्त लक्षात आहेत. कुणी कुणाच्या ओळखीचं नाही आणि जो तो आपली हकिगत सांगतोय. ऐंशीच्या दशकात बँड नवा होता तेव्हा त्यांना इथल्याच एका बारमध्ये ऐकलेले टकले गृहस्थ होते. त्या वेळी बिअरचे पैसे चुकते न करता पळालो, असं ते दर अर्ध्या तासाने नव्या माणसाला सांगत होते. एक ट्रकवाला विनिपेगचा कार्यक्रम बघून आला होता. एक बाई म्हणाली, नवरा सोडून गेला तेव्हा त्याने सगळ्या कॅसेट नेल्या, मला राग फक्त हिपच्या कॅसेटींचा आला. मग तिने मलाच विचारलं, तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलंत? मी म्हटलं, बाथरूमच्या दाराबाहेर, याला आंघोळ आटप म्हणताना. सगळे हसले आणि तू लाल झालास. तिने नारळीभात दोनदा घेतला. हा गोड भात कशासाठी असतो विचारलं, तर मी म्हटलं, समुद्र शांत व्हावा म्हणून. तिने मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.

साडेआठला सुरू झालं. सरकारी वाहिनीवर मध्ये एकही जाहिरात नाही. देशात एक कोटी सतरा लाख लोकांनी बघितलं हे मागाहून कळलं, म्हणजे तिघांतल्या एकाने. पिसांची हॅट आणि चमचमता कातडी सूट बघून मला आधी हसू आलं होतं, आपल्या बँडवाल्यांच्या वरातीतला वाटला. मग कॅमेरा जवळ गेला आणि त्याच्या पायाशी ते पडदे दिसले, त्यावर गाण्यांचे शब्द. स्वतःच लिहिलेले शब्द. त्यानंतर मी त्या सुटाकडे नाही पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडेच पाहत राहिले, ते खाली केव्हा जातात ते.

पंतप्रधान ट्रूडो आत बसले होते, आणि त्यांच्यादेखत तो उत्तरेकडच्या आदिवासींबद्दल बोलला, की त्यांच्याकडे दुर्लक्ष करायलाच आपल्याला जन्मभर शिकवलं गेलंय. एवढीच रात्र उरलेली, आणि त्यातली मिनिटं त्याने त्यांना दिली. पुढे ऑक्टोबरात त्याने चेनी वेनजॅकवर गाण्यांचा अल्बम काढला, १९६६ मध्ये आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या निवासी शाळेतून पळून रुळांच्या कडेने घराकडे निघालेला आणि वाटेत थंडीने गेलेला बारा वर्षांचा पोरगा. तेव्हा कळलं तो कुणाबद्दल बोलत होता.

'ग्रेस, टू' संपताना तो रडला, नुसता ओरडत राहिला. तुला रडताना बघू नये म्हणून मी सतरंजीच्या दशा मोजत होते.

तीन वेळा ते आत गेले आणि तीन वेळा परत आले. आप्पांच्या तालमीतली मी, मला भैरवी कळते. भैरवी झाली की दुसरं काही गायचं नाही, कितीही वन्स मोअर येवोत. इथे भैरवी कुठली हे कसं कळणार म्हणून मी बघत होते. 'अहेड बाय अ सेंच्युरी' सुरू झालं आणि तो ट्रकवाला खाली बसला. मला कळलं, हीच. गाणं संपलं, पाचही जण एकमेकांना धरून उभे राहिले, आणि चौकात बराच वेळ कुणी जागचं हललं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते.

घरी जाताना तू मित्रांबरोबर पुढे होतास. साडेअकरा वाजले होते, म्हणजे मिरजेत सकाळचे नऊ. मी फोन लावला. आप्पांनीच उचलला. "कसला गोंधळ गं एवढा?" मी त्यांना सांगितलं, गाण्याचा कार्यक्रम होता, गाणाऱ्याच्या मेंदूत कॅन्सर आहे, शेवटचा कार्यक्रम. तो शब्द मी तोंडातून गेल्यावर ऐकला. आप्पा गप्प. मागे कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं,

"सूर लागतो का त्याचा अजून?"

"लागतो. शब्द विसरतो, समोर लिहून ठेवलेत."

"शब्दांचं काय एवढं." पुन्हा गप्प. "त्याला सांगितलंय म्हणजे सगळं?"

"हो आप्पा."

"बरं केलं." आणि मग, "सुधा, तू दिवाळीला ये. उन्हाळ्याचं नको ठरवू."

एवढंच. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही आणि मीही पुन्हा नाही. दिवाळीला मी गेले. निघायच्या आधीच टीव्हीवर गॉर्डची मुलाखत पाहिली होती. समोर बातम्यांवाला पीटर मॅन्सब्रिज, इतक्या वर्षांच्या ओळखीचा, पण त्याचं नाव विसरू नये म्हणून याने तळहातावर लिहून आणलेलं. मिरजेत भिंतीवरच्या कालनिर्णयात दिवाळीच्या चौकटीत आप्पांच्या अक्षरात 'सुधा' लिहिलं होतं. लाइट बिल, गॅसचा नंबर, सगळं नेहमीसारखं टिपलेलं. भाऊबीजेला मी म्हटलं, बाजारात जातेय, नवीन कालनिर्णय आलंय, आणू का? म्हणाले, दादाला विचार, त्याला लागेल.

मिरासाहेबांच्या उरुसातली गाणी एक वर्ष न चुकवलेला माणूस. त्यांना मी तू फोनमध्ये भरून दिलेलं ते शेवटचं गाणं ऐकवलं. डोळे मिटून खाटेच्या कडेवर बोटांनी ताल धरला होता. संपल्यावर म्हणाले, "तो मागचा ढोलवाला, त्याला जरा आवर म्हणावं." आणि मग, "लाव परत."

डिसेंबरात आप्पा गेले. पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबरला गॉर्ड गेला, त्रेपन्नाव्या वर्षी. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी हे सांगणार होते. तू इतका रडत होतास की राहून गेलं, आणि मग ते राहूनच गेलं. गेल्या वर्षी त्याच्या भावाने बँडवर केलेली ती चार भागांची मालिका आपण तिघांनी इथे सोफ्यावर बसून पाहिली, तेव्हाही तोंडावर आलं होतं. स्वयंपाकघरात तू जे म्हणालास ते बरोबर होतं. आप्पांना कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं; त्यांनीच माझ्याकडून काढून घेतलं.

तुझी खोली आवरतेय. दौऱ्याचा काळा टी-शर्ट सापडला, सगळ्या गावांची नावं पाठीवर, व्हिक्टोरियापासून किंग्स्टनपर्यंत. डाव्या काखेत उसवलाय, तो शिवू का तसाच पाठवू ते कळव. पार्सलमध्ये जागा उरतेय म्हणून थालीपिठाची भाजणी घालते, दोन किलो. कॅल्गरीच्या थंडीत टिकते, फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, कचऱ्याचं पिंप नव्हतं, टपालपेटी होती. ऐकू नकोस.