विश्रामबागेतल्या त्या ताईंचे आभार

आमच्या अण्णांना डिमेन्शिया आहे. मध्यंतरी त्यांनी जेवणच टाकलं. घास तोंडात तसाच धरून बसायचे, कुणी तोंडाजवळ हात नेला की ढकलून द्यायचे. आजारच वाढला, असं जो तो म्हणायला लागला. दातांच्या एका दवाखान्यातून तर "पेशंट तोंड उघडत नाही, आम्ही काय करणार" म्हणून परत पाठवलं.

मग सांगलीतच विश्रामबागेतल्या दुसऱ्या दवाखान्यात तुम्ही भेटलात. डॉक्टरांच्या मदतनीस. तुम्ही अण्णांना त्या खुर्चीवर आडवं केलंच नाही. समोर स्टूल ओढून बसलात, आरसा त्यांच्या हातात दिलात. अण्णा मार्केट यार्डात होते, एवढंच मी बोलले होते, तेवढ्यावरून तुम्ही विचारलंत, "अण्णा, यंदा हळदीला काय भाव निघाला?" उभा जन्म सौद्यात गेलेला माणूस, बोलायला लागला की! बोलता बोलता तुम्ही खालची कवळी अलगद काढून घेतलीत. हिरडीवर लालभडक जखम. दुखतंय हे त्यांना सांगताच येत नव्हतं.

कवळी डॉक्टरांनी घासून दिली. पण रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, उरलेल्या दातांसाठी मऊ ब्रश त्यांच्याच हातात देऊन वरून आपला हात धरायचा, हे तुम्ही करून दाखवलंत, तेही बाहेर एवढी गर्दी असताना.

अण्णा आता आमटीत कुस्करलेली भाकरी खातात, मीठ कमी पडलं तर ओरडतातही. ताई, मनापासून आभार. पुढच्या तपासणीला येताना भडंग आणतेय, नाही म्हणू नका.