कर्ज किती ते सोडा, कशासाठी ते छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या याच सदरात दोन पत्रं होती. एकात म्हटलं होतं की देश कर्जात बुडालाय, जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि दुसऱ्यात की मूठभर इन्कम टॅक्सवाले सगळ्या देशाला पोसतायत. दोन्ही गोष्टी आम्ही इंदूरकर रोज सकाळी पोहे-जिलबीबरोबर ऐकतोच, व्हॉट्सॲपवर फॉरवर्डही करतो, पण बजेटचं पान उघडून कोणी बघत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

दुसरं पत्र आधी घेतो, ते लवकर आटपतं. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटात सरकारनंच छापलंय की रुपया कुठून येतो. २२ पैसे इन्कम टॅक्स, १८ पैसे जीएसटी आणि तसले कर, १७ पैसे कंपन्यांचा टॅक्स, आणि सगळ्यात मोठा वाटा म्हणजे २४ पैसे चक्क उधारी. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई रिटर्न भरत नाहीत हे खरं, पण मोबाइलचा रिचार्ज मारला की १८ टक्के जीएसटी त्याही देतात, आणि स्कूटीत पेट्रोल टाकलं की केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट दोन्ही देतात. आपल्या मध्य प्रदेशात तर पेट्रोल गुजरातपेक्षा इतकं महाग की झाबुआकडची मंडळी दाहोदला गेली की टाकी फुल करूनच परत येतात. आणि हो, २०२५ च्या बजेटात १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं तेव्हा सरकारनं साधारण १ लाख कोटींवर पाणी सोडलं, तेव्हा आपल्यातल्या कोणाला ती रेवडी वाटली नाही. बाईंच्या खात्यात लाडली बहनाचे, म्हणजे राज्य सरकार बायकांना दरमहा देतं त्या योजनेचे, पैसे आले की मात्र लगेच देश बुडतो.

आता पहिलं पत्र. आकडा मोठा आहे यात वादच नाही. केंद्राचा २०२५-२६ चा खर्च ५० लाख ६५ हजार कोटी धरलाय आणि त्यात तूट, म्हणजे उधारीनं भरायची रक्कम, १५ लाख ६९ हजार कोटी. पण मला घाबरवतो तो दुसराच आकडा, व्याजाचा. नुसतं व्याज १२ लाख ७६ हजार कोटी. रस्ते, रेल्वे, धरणं असल्या टिकाऊ कामांवर केंद्र स्वतः जो भांडवली खर्च करतं तो ११ लाख २१ हजार कोटी, म्हणजे जुन्या कर्जाचं व्याज नव्या कामांपेक्षा जास्त! सरकारच्या हातात स्वतःचे म्हणून १०० रुपये आले तर त्यातले ३७ आधी व्याजाला जातात, मग उरलेल्यात सैन्य, पेन्शन, खताची सबसिडी, रेशन आणि बाकी सगळं. आणि तुटीतून व्याज वजा केलं तर खाली ३ लाख कोटीसुद्धा उरत नाहीत, म्हणजे त्या वर्षी जे नवं कर्ज काढायचं ठरलं त्यातलं बरंचसं जुन्याचं व्याज भागवायलाच.

हे व्याज जातं कुठे हे मात्र त्या पत्रात कुठेच नव्हतं. अमेरिकेला नाही आणि वर्ल्ड बँकेलाही नाही, परदेशी कर्जाचा वाटा यात अगदी थोडका. १९९१ ला ४७ टन सोनं बाहेर गहाण टाकायची वेळ आली ती डॉलर संपले म्हणून, आजचं कर्ज बहुतेक रुपयांतलं आणि घरचंच आहे. तुमची एलआयसीची पॉलिसी, तुमचा पीएफ, तुमची एफडी, सगळ्यातून शेवटी सरकारी रोखे, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद, घेतले जातात, बँकांना तर ठेवींतला १८ टक्क्यांच्या आसपास हिस्सा अशा कागदांत ठेवावाच लागतो. म्हणजे बाळाच्या डोक्यावर कर्ज आहे हे खरं, पण एखाद्या बाळाच्या नावावर आजोबांनी रोखेही घेऊन ठेवलेत आणि दुसऱ्याच्या नावावर काहीच नाही. व्याज सगळे मिळून भरतात, रिचार्जवर भरतात, पेट्रोलवर भरतात, आणि मिळतं ते ज्याच्याकडे ठेव आहे त्याला. मी पेन्शनर माणूस, मी मिळणाऱ्यांतला, म्हणून हे जरा मोकळेपणानं लिहू शकतो.

मग कर्ज काढूच नये का? असं म्हणणाऱ्यानं इंदूरमध्ये तरी राहू नये. आपल्या शहरात रेल्वे आली तीच कर्जावर, आणि कर्ज देणारे आपणच होतो! महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास खंडवा-इंदूर लाइनसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये दिले, साडेचार टक्क्यांनी, मुदत १०१ वर्षं. जमीन वर फुकट. त्या पैशातून घाट फोडला गेला, नर्मदेवर पूल झाला, कापूस आणि माणसं शंभर वर्षांहून जास्त त्या मीटरगेजवरून गेली, आणि त्यातलाच पातालपाणी ते कालाकुंडचा तुकडा अजून हेरिटेज ट्रेन म्हणून चालतो, सुट्टीत तिकीट काढून बसता येतं. कर्जाची मुदत संपली तरी काम शिल्लक आहे. असं कर्ज काढा की, कोण नाही म्हणतंय.

अलीकडचं उदाहरणही आपल्याच निगमचं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर नगर निगमनं सोलर प्लांटसाठी ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, २४४ कोटींचे, ८.२५ टक्के व्याज, आणि सामान्य माणसालाही घेता येतील असे. लोकांच्या उड्या पडल्या, मीही थोडे घेतले. दर सहा महिन्यांनी व्याज खात्यात पडतं, त्यावर केंद्राला इन्कम टॅक्स भरतो, म्हणजे निगम मला देतं आणि दिल्ली त्यातलं काढून घेते, असो. कारण चांगलं होतं, नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटर इंदूरपर्यंत चढवून आणायचं तर पंपांचं वीजबिल कंबरडं मोडतं, ते कमी करायचं. पण बिल किती कमी झालं, हे आमच्या पार्षदांना विचारलं तर ते म्हणतात झोनवर विचारा, झोनवाले म्हणतात मुख्यालयात विचारा. मी बाँडवाला आहे हो, भीक नाही मागत! कचऱ्याची गाडी रोज दारात येते, दिसते, म्हणून इंदूरकर कचऱ्याचे पैसे कुरकुर न करता देतो, तसं हेही दिसलं पाहिजे.

याच्या उलट बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला रस्ता, बघा. २०१३ ला सुरू झालं, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा साडेअकरा किलोमीटर, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टानं काढून टाकायला परवानगी दिली. सुरू होऊन बारा वर्षं होत नाहीत तोच तोडायची वेळ आली. ते चांगलं होतं की वाईट या वादात मी पडत नाही, बसवाले आणि कारवाले आपसांत बघून घेतील, पण बांधायला गेलेला पैसा कोणाचा आणि तोडायला लागणारा कोणाचा? आपल्याकडे यावर उत्तर ठरलेलं, अपना क्या जाता है भिया. आपलंच जातं.

राज्याचं तर विचारूच नका. मध्य प्रदेशाचं २०२५-२६ चं बजेट ४ लाख २१ हजार कोटींचं आणि डोक्यावरचं कर्जही ४ लाख कोटींच्या वर. लाडली बहनाचा साधा हिशोब, सव्वा कोटी बहिणी, महिना १,५०० रुपये, बारा महिने, झाले २२,५०० कोटी. मी या योजनेच्या विरोधात नाही, आमच्या बाईंच्या मुलीची कोचिंगची फी त्यातूनच निघते हे मी बघतो. पण दर महिन्याचा चालू खर्च राज्यानं आपल्या चालू उत्पन्नातून भागवावा, नाहीतर ते ऋण काढून सण करणंच झालं, आणि सण एक दिवसाचा असतो, हा दर महिन्याचा आहे. द्यायचेच असतील तर मग टॅक्स वाढवायची किंवा दुसरं काहीतरी कापायची हिंमत दाखवा आणि मतं मागतानाच सांगा. २०२३ च्या निवडणुकीआधी हजाराचे साडेबाराशे झाले तेव्हा पैसे कुठून येणार हे कोणत्या पक्षानं विचारलं? विरोधकांनी तर त्यापेक्षा जास्तीची बोली लावली होती.

राज्याला कर्ज काढायला केंद्राची परवानगी लागते, मर्यादा आहे, हे सगळं कागदावर ठीक. पण राज्यांच्या कर्जाचा लिलाव रिझर्व्ह बँक साधारण दर मंगळवारी करते आणि त्यात कोणत्या राज्यानं किती कोटी उचलले, किती वर्षांसाठी, किती टक्क्यांनी, हे त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या वेबसाइटवर येतं. तिथे जाऊन बघणारे किती? तुमच्या पेपरात सोन्या-चांदीचे भाव रोज असतात, मंडीतले सोयाबीन-लसणाचे भाव असतात, राशिभविष्य तर असतंच. तेव्हा विनंती अशी की बुधवारच्या अंकात एक छोटी चौकट द्या, मध्य प्रदेशानं काल किती कर्ज घेतलं, दर काय, फेडायचं साल कोणतं. खाली एक ओळ रिकामी ठेवा, कशासाठी घेतलं याची, आणि भोपाळहून उत्तर येईपर्यंत ती दर बुधवारी तशीच रिकामी छापा.

आपला,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर