सुरसागरचा महादेव मॉरिशसला भेटला

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार, रात्री जेवणानंतर

प्रिय अव्या,

परवा फोनवर 'कसं काय होतं मॉरिशस?' असं तू विचारलंस आणि मी 'मस्त' म्हणून मोकळा झालो. पण ते 'मस्त' मला तेव्हापासून टोचतंय. म्हणून हे पत्र. समुद्राचं काही लिहीत नाही. तो निळा आहे, आणि शैलाच्या फोनमध्ये त्याचे दोनशे फोटो आहेत. भेटलास की ती तुला सोडणार नाही.

आधी महादेवाचं सांगतो. बेटाच्या मधल्या उंच भागात गंगा तलाव म्हणून तळं आहे, विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं. बडोद्याच्या बेचाळीस डिग्रीतून आलेला मी, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. वर पोचलो तर धुकं, भुरभुर पाऊस आणि चक्क हुडहुडी. तिकडे मे महिन्यात हिवाळा लागतो हे टूरवाल्याने सांगितलंच नव्हतं. गाडी वळली, धुक्यातून आधी त्रिशूळ दिसला, मग जटा, मग सगळा उभा शंकर. मी ओरडलोच, ''अगं, हा तर आपला सुरसागरचा!'' शैला म्हणाली, ''शंकर सगळे सारखेच दिसतात.'' पण रोज सकाळी दूध आणताना सुरसागर तळ्यात ज्याला बघतो तो मला ओळखू येणार नाही? गाडीवाल्याने माझीच बाजू घेतली. हा मंगल महादेव बडोद्याच्या मूर्तीवरूनच घडवलाय, १०८ फूट उंच, २००७ साली बसवलेला. समोर तेवढीच उंच दुर्गा आहे. फरक इतकाच की आपला पाण्याच्या मधोमध उभा आहे आणि त्यांचा रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याला सामोरा.

तू बडोदं सोडलंस तेव्हा सुरसागरात नुसतं पाणी होतं. आपण पाळीवर बसून शेव-उसळ खायचो, तिथून आता तो समोर दिसतो. तू अजून त्याला नीट पाहिलेला नाहीस आणि मी त्याला दोन ठिकाणी भेटलो, दुसऱ्या ठिकाणी समुद्र ओलांडून.

तळ्याकाठी देवळं आहेत, आणि देवळांपेक्षा माकडं जास्त. एकाने शैलाच्या हातातलं केळं नेलं, तेही पिंडीवर वाहायच्या आत. १९७२ साली गोमुखाहून गंगेचं पाणी आणून या तळ्यात ओतलं, तेव्हापासून हे गंगा तलाव. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं कावड घेऊन पायी येतात म्हणे.

आता गाडीवाला. तो मराठी निघाला! पहिले दोन तास आम्हाला कळलंच नाही, कारण तो फोनवर क्रिओल, म्हणजे तिथली बोली, बोलत होता आणि आमच्याशी मोडकं हिंदी. शैला मला म्हणाली, ''चाल ने, मोडं होतंय.'' त्याने गाडी हळू केली आणि अगदी काळजीने विचारलं, ''क्षमा करा, आपले काय मोडले?'' आपलं गुजरातीतलं 'मोडं' म्हणजे उशीर, हे त्याला कुठून माहीत! मी हसून हसून बेजार. त्याचं मराठी शाळेतलं. घरात क्रिओल, मराठी पुस्तकातून शिकलेलं, त्यामुळे 'आपण कोठून आला आहात?' असं लख्ख बोलतो. आणि आपण बडोदेकर! अर्धं गुजराती कालवून बोलतो आणि वर मराठीचा अभिमान मिरवतो. शेवटच्या दिवशी मात्र त्यानेच आम्हाला सांगितलं, ''लवकर चला, मोडं होईल.''

त्याचं आडनाव म्हणजे त्याच्या खापरपणज्याचं पहिलं नाव. बंदरावरच्या कारकुनाने जे लिहून घेतलं तेच पुढे घराण्याला चिकटलं. हे त्याने आम्हाला पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर सांगितलं. घाट म्हणजे फारसं काही नाही रे. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, थोड्या खोल्या, बाकीचं बरंचसं आवार मोटाररस्त्यात गेलेलं. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी म्हणून १८३४ पासून करारावर मजूर आणले. हा तळ १८४९ चा. इथून साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या बेटावर उतरली, त्यात कोकणातून मुंबई बंदरामार्गे आलेले आपले लोकही.

मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. आमचे पणजोबाही कोकणातलेच, गायकवाड सरकारात कारकुनीला आले. घरात अजून त्यांची पगडी काचेच्या कपाटात आहे. त्याच किनाऱ्यावरचा दुसरा एक जण बोटीत चढला आणि बेटावर त्याच्या नावापुढे नंबर पडला. आपण 'आम्ही बडोद्याला आलो' असं जरा ताठ्याने सांगतो. तो गाडीवाला आपल्या माणसाबद्दल सांगत होता तो आवाज ताठ नव्हता, पण पडलेलाही नव्हता. गणेशचतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते, हे सांगताना मात्र त्याची मान चांगलीच वर झाली.

जंगल थोडंच उरलंय. डचांनी आबनुसाच्या काळ्या लाकडासाठी झाडं तोडली, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला, उरलेलं उसाने खाल्लं. ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत एक राखीव जंगल आहे, तिथे तीन तास चिखल तुडवला. वाटेत इवलेसे लाल पेरू, मीठ-तिखट लावून खायचे. मी ओंजळभर खाल्ले, आणि मग कळलं की हेच परदेशी पेरू तिथल्या मूळ झाडांचा गळा घोटतायत. म्हणून आणखी ओंजळभर खाल्ले.

तुझ्यासाठी म्हणून खास एक गोष्ट पाहिली. १८४७ सालची ती दोन टपाल तिकिटं, नारिंगी पेनी आणि निळी दोन पेनी, 'पोस्ट ऑफिस' छापलेली! पोर्ट लुईच्या म्युझियममध्ये आहेत. रंग उडू नयेत म्हणून अस्सल तिकिटांवर थोडाच वेळ दिवा लावतात. आम्ही गेलो तेव्हा अंधार. शैला म्हणाली, नकला तर दिसतायत, चला. मी हललो नाही. दिवा लागला आणि मला रावपुऱ्यातल्या तुझ्या माडीवरचा तो जुना अल्बम आठवला.

सोबत त्या तिकिटांचं छापील कार्ड पाठवतोय. सातवीत माझं तिकोनी तिकीट तू दोन साध्या तिकिटांवर लाटलं होतंस, ते अजून मी विसरलेलो नाही. उलट टपाली धाडून दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. - दिवाळीत येणार असशील तर आधी कळव. सुरसागरवर संध्याकाळी जाऊ, दिवे लागल्यावर.