नाट्यगृहासाठी राबलेल्या हातांचे आभार
मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी आमच्या गावच्या जुन्या नाट्यगृहाचे छप्पर उतरवून, वाळवीने पोखरलेले वासे आणि रिपा बदलून, शाबूत मंगळुरी कौले एकेक घासून पुन्हा चढविणाऱ्या सर्वांचे, नाव न सांगताच परतलेल्यांचेही, मनःपूर्वक आभार. जांभ्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आतच कोंडते, म्हणून चुन्याचाच हट्ट धरणाऱ्या वयोवृद्ध गवंडीकाकांचे आम्ही विशेष ऋणी आहोत; त्या वेळी वाद आम्हीच घातला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. रंगमंचाच्या फळ्यांसाठी परसातला फणस देणाऱ्या आजींनी पावतीदेखील घेतली नाही. येत्या ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, तिसरी घंटा होईल तेव्हा पहिली रांग या सर्वांसाठी राखून ठेवलेली असेल.